संज्ञा आणि विश्वरचना : पार्थपूरच्या ज्ञानराजाच्या निमित्ताने

ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाची मांडणी आपल्याकडे प्रायः दोन प्रकारांनी होते. एका प्रकारात भूमध्य कल्पना टाकून सूर्यमध्य कल्पना स्वीकारणे हीच प्रगतीची एकमेव खूण मानली जाते, आणि जो ग्रंथकार तेथे पोचलेला दिसत नाही तो मागासलेला ठरतो. दुसऱ्या प्रकारात कोपर्निकसाच्या ग्रंथापूर्वीच (१५४३) आपल्या पूर्वजांना ती कल्पना अवगत होती, असे प्राचीन वचनांवरून सिद्ध करण्याचा खटाटोप असतो. हे दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध असले, तरी त्यांचा दोष एकच आहे. दोघेही संज्ञेचा वाच्यार्थ पाहतात; ती संज्ञा गणितात कोणते कार्य करते, हे पाहत नाहीत.

प्रथम 'ग्रह' हाच शब्द घेऊ. सिद्धान्तग्रंथांत रवी व चंद्र हे ग्रह आहेत, पृथ्वी नाही. नव्या ज्योतिषाने रवी व चंद्र यांना या वर्गातून काढले आणि पृथ्वीला आत घेतले. शब्द मात्र तोच राहिला. सुबाजी बापू यांनी १८३६ साली सिहोर येथे 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' या मराठी ग्रंथात पुराणे, सिद्धान्त व कोपर्निकस यांची मते शेजारी ठेवून तपासली, तेव्हा मराठीतील या एका शब्दाला भिन्न विश्वरचनांत वावरावे लागले. पंचांगात त्याचा जुना अर्थ आजही नांदतो.

'शीघ्रोच्च' ही संज्ञा याहून अधिक बोधप्रद आहे. सिद्धान्तगणितात मंगळ, गुरू व शनी यांचे शीघ्रोच्च म्हणजे मध्यम रवी होय. बुध व शुक्र यांच्या बाबतीत मात्र मध्यम रवी हाच मध्यम ग्रह मानतात, आणि त्यांच्या शीघ्रोच्चांचे भगणकाल अनुक्रमे सुमारे ८८ व २२५ दिवस येतात. सूर्याभोवतीच्या त्यांच्या प्रदक्षिणेचे आज मानलेले काल हेच. एवढ्यावरून प्राचीनांना सूर्यमध्य रचना ठाऊक होती, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. अंक बरोबर असणे निराळे आणि त्या अंकाला ग्रहाची स्वतःची गती म्हणून ओळखणे निराळे. सूर्यसिद्धान्तात तर ही उच्चे म्हणजे वायुरूप दोरांनी ग्रहांना ओढणाऱ्या काळाच्या अदृश्य मूर्ती आहेत. त्या वर्णनाने गणित बिघडत नाही, आणि गणित जुळते म्हणून त्यातून सूर्यमध्य कल्पनाही निष्पन्न होत नाही. आर्यभटाच्या (४९९) नौकेच्या दृष्टान्ताविषयीही हेच म्हणावे लागते. तो पृथ्वीच्या अक्षभ्रमणाचा आहे, सूर्यप्रदक्षिणेचा नव्हे.

मग खरा बदल कोठे झाला? केरळातील नीलकंठ सोमयाजी याने 'तंत्रसंग्रह' या ग्रंथात (सुमारे १५००) बुध व शुक्र यांच्या शीघ्रोच्चांच्या म्हणून गणल्या जाणाऱ्या गती त्या ग्रहांच्याच मध्यम गती मानल्या, मंदसंस्कार त्यांनाच दिला, आणि सर्व पाचही ग्रहांचे शीघ्रोच्च मध्यम रवी ठरविले. नवा शब्द घडविला नाही. जुन्या संज्ञांची कार्ये तेवढी बदलली. पाचही ग्रह सूर्याभोवती व सूर्य पृथ्वीभोवती, ही रचना त्याने अन्यत्र स्पष्ट मांडली. यालाही कोपर्निकसाचे मत म्हणता येणार नाही. पण ग्रहगणिताच्या आतून घडलेला हा खरा बदल आहे.

याच सुमारास, १५०३ च्या आसपास, गोदातीरीच्या पार्थपुरी ज्ञानराजाने 'सिद्धान्तसुंदर' रचला. पार्थपूर म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी असे मानतात. पृथ्वी गोल आहे हे ज्ञानराजाला मान्य आहे. पण पुराणांतील भुवनकोशही त्याला खोटा ठरवायचा नाही. म्हणून दोहोंतील विरोधाचा परिहार करण्यासाठी तो परिश्रम घेतो. ग्रहगणिताची परिभाषा त्याने परंपरेनुसारच ठेवली आहे. नीलकंठाने कथनाला फारसे न छेडता संज्ञांचे कार्य बदलले. ज्ञानराजाने संज्ञांचे कार्य तसेच ठेवून कथन सावरले.

तरीही त्याला प्रतिगामी म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. त्याचा प्रश्न ग्रहांच्या मार्गाचा नव्हता, प्रामाण्याचा होता : दोन ग्रंथपरंपरा पृथ्वीविषयी भिन्न बोलत असता दोन्ही प्रमाण कशा? भास्कराचार्यांनी (सिद्धान्तशिरोमणी, ११५०) पृथ्वीच्या आधारांची मालिका अनवस्थाप्रसंगाकडे बोट दाखवून मोडून काढली होती. त्यानंतर असा समन्वय करू पाहणे तर्काच्या दृष्टीने दुबळे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण विरोध लपविला असता तर परिहाराची गरजच भासली नसती. तीनशे तेहतीस वर्षांनी सुबाजी बापूंनी तोच विरोध मराठीत पुन्हा मांडला, यावरून त्या प्रश्नाचे आयुष्य किती दीर्घ होते ते कळते.

ज्ञानराजाचा पुत्र सूर्यदास याने लीलावतीवर टीका लिहिली (१५४१). त्याच्या 'रामकृष्णविलोमकाव्या'त तीच अक्षरे सरळ वाचली असता रामकथा आणि उलट वाचली असता कृष्णकथा निघते. तेथे दोन्ही वाचने कवीनेच योजिलेली आहेत. शास्त्रीय ग्रंथांत मात्र उलट दिशेने केलेले वाचन, म्हणजे आजच्या ज्ञानावरून कालच्या संज्ञेकडे जाणे, ग्रंथकाराच्या माथी नसलेला अर्थ मारते.

नांदेड-नायगाव परिसरातील अभ्यासकाला पार्थपूर परके नाही. गोदावरी तीच आहे. 'सिद्धान्तसुंदर' हाती घेताना त्याने अभिमान व उपहास हे दोन्ही दूर ठेवावेत. प्रत्येक संज्ञेपुढे गणितातील तिचे कार्य, त्यापुढे ग्रंथकाराने दिलेले तिचे वर्णन आणि शेवटी आजचा अर्थ, अशी तीन स्वतंत्र टिपणे करावीत. ही तीन टिपणे एकमेकांत मिसळू न देणे, हीच अशा अभ्यासाची पहिली अट होय.