रंगभूमी ते चित्रपट : सुलभा देशपांडे यांच्या अभिनय-कारकिर्दीचे मूल्यमापन

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर मराठी रंगभूमीच्या इतिहासात सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) यांचे नाव प्रामुख्याने 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातील लीला बेणारे या भूमिकेशी जोडले जाते. हिंदी चित्रपटांच्या प्रेक्षकांना मात्र त्या आई, सासू, आजी अशा दुय्यम भूमिका करणाऱ्या चरित्र अभिनेत्री म्हणून परिचित आहेत. एकाच कलावतीच्या या दोन प्रतिमांत एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. केवळ चित्रपटांच्या यादीवरून रंगभूमीवरील अभिनेत्रीचे मूल्यमापन केल्यास निष्कर्ष चुकीचा निघतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बेणारे : भूमिका आणि अभिनेत्री

विजय तेंडुलकर यांचे हे नाटक 'रंगायन' या संस्थेने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली १९६७ मध्ये रंगमंचावर आणले. नाटकाच्या प्रारंभी दाराच्या कडीने बोट दुखावलेली, हसत-बोलत येणारी बेणारे प्रेक्षकांना भेटते. वेळ घालवण्यासाठी सुरू झालेल्या अभिरूप न्यायालयाच्या खेळात तिला आरोपी केले जाते आणि हळूहळू तो खेळ तिच्या खाजगी आयुष्याची उलटतपासणी बनतो. अखेरीस न्यायालय तिला बचावासाठी दहा सेकंद देते. त्या दहा सेकंदांत ती न्यायालयासमोर एक शब्दही बोलत नाही. प्रेक्षकांसमोर मात्र इतर पात्रे स्तब्ध असताना तिचे दीर्घ स्वगत उलगडते.

अभिनयाच्या दृष्टीने ही रचना अत्यंत कठीण आहे. कथेच्या काळात जे घडलेच नाही, ते नटीने एकटीने खरे करून दाखवायचे असते. शिवाय पहिल्या अंकातील खेळकरपणात पुढच्या वेदनेची चाहूल असावी, पण ती आधीच उघड होऊ नये, हा तोल सांभाळावा लागतो. बेणारे प्रथमपासूनच दीनवाणी दिसली तर नाटक करुणकथा होते. अखेरपर्यंत ती केवळ बंडखोर राहिली तर सभ्य समाजाच्या क्रौर्याची धार बोथट होते. सुलभा देशपांडे यांच्यानंतर बेणारे करणाऱ्या प्रत्येक अभिनेत्रीला त्यांच्या भूमिकेशी तुलना स्वीकारावी लागली. यावरून या भूमिकेचा मानदंड कोणी घालून दिला, हे स्पष्ट होते. बेणारे ही शाळेतील शिक्षिका आहे आणि सुलभा देशपांडे यांनीही दादरच्या छबिलदास शाळेत अध्यापन केले होते, हा योगायोगही येथे लक्षात घेण्यासारखा आहे.

पडद्यावरील जतन आणि मर्यादा

१९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर चित्रपट केला आणि त्यात बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांच्याकडेच राहिली. याचे मोल पाश्चात्त्य रंगभूमीवरील एका उदाहरणावरून ध्यानात येईल. टेनेसी विल्यम्स यांच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकातील ब्लांश ही भूमिका १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर जेसिका टँडी यांनी प्रथम साकारली. १९५१ च्या चित्रपटात मार्लन ब्रँडो, किम हंटर आणि कार्ल माल्डन हे मूळ संचातील नट कायम राहिले. परंतु टँडी यांच्या जागी व्हिवियन ली आल्या. परिणामी जगाच्या स्मरणात ब्लांश म्हणजे व्हिवियन ली. सुलभा देशपांडे यांच्या वाट्याला हे विस्मरण आले नाही.

तथापि चित्रपट म्हणजे प्रयोग नव्हे. प्रेक्षकाने कोणाकडे पाहावे, हे पडद्यावर कॅमेरा ठरवतो. नाट्यगृहात मात्र बोलणारी बेणारे आणि तिच्याभोवती गोठलेली माणसे एकाच वेळी दिसत राहतात, आणि त्या दोहोंतील ताणातूनच अर्थ निर्माण होतो. म्हणून चित्रपटाला प्रयोगाचा पर्याय न मानता पुरावा मानणे योग्य ठरेल.

त्यानंतरच्या चित्रपटांत मात्र बेणारेच्या तोडीची भूमिका त्यांना क्वचितच मिळाली. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका' (१९७७) या चित्रपटात त्या नायिकेची आई होत्या, 'चौकट राजा' (१९९१) मध्ये नंदूची आई, तर 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मध्ये नायिकेची सासू. या भूमिकांतील संयम आणि सहजता वाखाणण्याजोगी आहे. परंतु मध्यमवयीन अभिनेत्रीकडे केवळ नातेसंबंधांच्या चौकटीतून पाहणाऱ्या चित्रपटसृष्टीची मर्यादाही त्यांतून दिसून येते. तो दोष अभिनेत्रीच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे होईल.

संस्था आणि बालरंगभूमी

'रंगायन'मधून बाहेर पडल्यावर अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये 'आविष्कार' ही संस्था स्थापन केली. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची चळवळ उभी राहिली. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या मोठ्या वास्तूची सवय असलेल्या आजच्या प्रेक्षकाला शाळेच्या साध्या सभागृहाचे महत्त्व चटकन जाणवणार नाही. परंतु नट आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर तेथे कमी झाले, आणि तिकीटविक्रीच्या गणितात न बसणाऱ्या नाटकांना हक्काची जागा मिळाली. 'चंद्रशाला' या बालविभागातून सुलभाताईंनी मुलांसाठी सातत्याने काम केले. 'दुर्गा झाली गौरी' हे त्यातील सर्वपरिचित नृत्यनाट्य होय. १९८७ मध्ये अरविंद देशपांडे यांचे निधन झाल्यानंतरही त्यांनी हे कार्य थांबवले नाही. त्याच वर्षी त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

समारोप

अभिनय, अध्यापन आणि संस्थाउभारणी हे या कारकिर्दीचे परस्परांपासून वेगळे काढता न येणारे पैलू आहेत. चित्रपटात मोठ्या भूमिका मिळाल्या नाहीत, यास अपयश मानण्याऐवजी त्यांची शक्ती कोठे खर्च झाली, हे पाहिले पाहिजे. महाविद्यालयीन वर्गात 'शांतता!' बहुधा केवळ संहिता म्हणून शिकवले जाते. त्यामुळे तेंडुलकर विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात, पण बेणारेला देह आणि आवाज देणारी अभिनेत्री पोहोचत नाही. संहितेबरोबर १९७१ चा चित्रपट दाखवून, त्यातील स्वगत आणि छापील स्वगत यांची तुलना विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल. बेणारेला दहा सेकंदच देणारे न्यायालय नाटकात आहे. अभिनेत्रीला तेवढाच वेळ देणारा नाट्यइतिहास अभ्यासकांनी लिहू नये.