नवापूरची कोंबडी आणि डार्विन यांची निवड-मीमांसा : एक चिकित्सा

चार्ल्स डार्विन यांनी १८६८ च्या आपल्या द्विखंडी ग्रंथात पाळीव कोंबडीचे मूळ एकट्या तांबड्या रानकोंबड्यात मानले. २००८ मधील जनुकीय संशोधनाने या मताला मर्यादा घातली. पिवळ्या कातडीचे जनुक भारतीय द्वीपकल्पातील राखी रानकोंबड्याकडून आल्याचे दिसून आले. तथापि ग्रंथाचे खरे सामर्थ्य वंशावळीत नसून निवडीच्या मीमांसेत आहे. हेतुपूर्वक आणि नकळत अशी दुहेरी निवड डार्विन मांडतात. नंदुरबार जिल्ह्यात तिची फळे शेजारी-शेजारी आढळतात. आदिवासी पाड्यांवरील गावठी कोंबडी स्वतः दाणे टिपते, खुडूक होऊन अंडी उबवते. नवापूरच्या कुक्कुटशाळांतील संकरित कोंबडीत ही उबवण्याची प्रवृत्ती निवडीनेच क्षीण केली आहे.

मात्र हजारोंच्या बंदिस्त कळपाचा अनुभव डार्विन यांच्या काळाला नव्हता. अशा कळपात संसर्ग झपाट्याने पसरतो. २००६ मध्ये देशातील पक्ष्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापुरात झाला. २०२१ मध्ये तो तेथेच पुन्हा उद्भवला. म्हणून निवडीचे मोल केवळ अंड्यांच्या संख्येवर ठरवणे अपुरे आहे. गावठी वाणाचे जतन हा त्या मूल्यमापनाचाच भाग मानला पाहिजे.