पाव कशाचा? : प्राथमिक शाळेतील अपूर्णांकांविषयी

२०१६ चा उन्हाळा. पावसाने सलग दोन वर्षे दगा दिलेला होता आणि वर्तमानपत्रांत रोज छापून येणारे जायकवाडीच्या साठ्याचे आकडे शून्याकडे चालले होते. पाचवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले, "सर, शून्य टक्के झाल्यावर नळ बंद होणार का?" मी म्हणालो, "शून्य म्हणजे धरण रिकामं. मग पाणी येणार कुठून?" साठा शून्यावर गेला, नळाला मात्र, काही दिवसांआड का होईना, पाणी येत राहिले. शाळा उघडल्यावर तीच मुलगी म्हणाली, "सर, शून्य झालं तरी पाणी आलं की." माझ्याकडे उत्तर नव्हते. बावीस वर्षे अपूर्णांक आणि टक्केवारी शिकवणाऱ्या माणसाने 'शून्य टक्के' वाचले होते आणि 'कशाचे?' हे विचारलेच नव्हते.

प्रस्तुत लेख त्या न विचारलेल्या प्रश्नातून निघाला आहे. आपल्या प्राथमिक शाळेत अपूर्णांक, भूमिती, मापन आणि माहितीचे वाचन हे चार विषय जसे शिकवले जातात, त्यात 'कशाचा?' हा प्रश्न कोठे हरवतो, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

प्रथम भाषेकडे पाहू. अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या संख्यांना स्वतंत्र नावे आहेत. 'साडे' पुढे जोडले की अर्धा वाढतो, 'पावणे' जोडले की पाव कमी होतो. साडेतीनसाठी 'औट' असा आणखी एक जुना शब्द होता. आज तो 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारात तेवढा उरला आहे. घटका २४ मिनिटांची, तेव्हा हे राज्य ८४ मिनिटांचे. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त दिवाळीच्या पाडव्याचा मानला जातो, हेही वाचकांना ठाऊक आहेच.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट या शब्दांच्या वागणुकीत आहे. 'सव्वा'मधला पाव हा एकाचा पाव असतो. 'सव्वाशे'मधला पाव शंभराचा, म्हणजे पंचवीस. आणि 'सव्वा लाखा'तला पाव पंचवीस हजारांचा. दीडशे म्हणणाऱ्या सात वर्षांच्या पोराने शंभराचा अर्धा पन्नास हा हिशेब बोलता बोलता केलेला असतो. म्हणजे अपूर्णांक नेहमी कुठल्या तरी एककाचा असतो आणि एकक बदलले की त्याची किंमत बदलते, हे अपूर्णांकांच्या गणितातले सर्वांत अवघड तत्त्व मराठी मूल शाळेत येण्याआधीच जिभेवर घेऊन येते. घड्याळाचेही तसेच आहे. शहागंजच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात सव्वातीन वाजतात, तेव्हा मिनिटकाट्याने पाव फेरी मारलेली असते. ती पाव फेरी म्हणजे काटकोन, नव्वद अंश. कोनाच्या मापाला आणि अपूर्णांकातल्या वरच्या संख्येला आपण एकच शब्द वापरतो, 'अंश'. पूर्ण फेरीचे ३६० भाग केले की त्यांतला एक भाग म्हणजे एक अंश. कोन हाही अपूर्णांकच आहे, हे आपली परिभाषा सांगते आणि आपण ते वर्गात क्वचितच सांगतो.

येथे जुन्या पिढीचा वाचक म्हणेल, म्हणूनच आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. ते पाढे होते, तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते. पावकी म्हणताना मुलाच्या डोळ्यांपुढे चार आणे होते, पाऊणकी म्हणताना बारा आणे. पाव, अर्धा, पाऊण या पायऱ्यांनीच बाजार चालत होता. मराठवाड्यात तर याहून अवघड हिशेब होता. निजामाच्या हाली नाण्यांबरोबर भारतीय रुपया चालू झाला, तेव्हा सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये हा भाव होता. सहा सप्तमांशाचा गुणाकार भाजी घेणाऱ्या बाईला करावा लागत होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि या पाढ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पंचवीस पैशांना 'चाराणे' म्हणण्याची सवय नंतर कितीतरी वर्षे टिकली. ३० जून २०११ नंतर ते नाणेही चलनातून गेले. आज औटकी पाठ करून घेतली तर ती नुसतीच घोकंपट्टी होईल. पाढे गेले याचे मला फारसे दुःख नाही. पाढ्यांबरोबर त्यांच्याखालचे मोजमापही वर्गातून गेले, हे नुकसान मोठे आहे.

त्याच्या जागी काय आले? पाचवीच्या बालभारतीच्या पुस्तकात अपूर्णांक, कोन, दशांश अपूर्णांक, मापनावरील उदाहरणे, परिमिती व क्षेत्रफळ, चित्रालेख अशी वेगवेगळी प्रकरणे आहेत. प्रत्येक प्रकरण आपापल्या जागी नीटनेटके आहे. अर्धा, पाव, पाऊण हे शब्द शाळेच्या पुस्तकांत येतात, नाही असे नाही. पण वर्गात शिकवताना आम्ही शिक्षक वर्तुळ किंवा चौकोन काढतो, त्याचे चार भाग करतो, तीन रंगवतो आणि '३/४' लिहून 'तीन छेद चार' वदवून घेतो. मूल दोनदा मोजते: रंगवलेले तीन, सगळे चार. यात पूर्ण वस्तू आधीच ठरलेली असते, म्हणून 'कशाचे?' हा प्रश्न उद्भवतच नाही. मग मूल १/८ हा १/४ पेक्षा मोठा सांगते, कारण आठ चारापेक्षा मोठे. आणि १/२ अधिक १/३ बरोबर २/५ लिहिते, कारण त्याच्या लेखी त्या चार सुट्या संख्या असतात. त्याच मुलाला दुकानात पाऊण किलो साखर आणि अर्धा किलो साखर यांतली जास्त कोणती ते विचारा. ते चुकत नाही. जिभेवरचे पाऊण आणि फळ्यावरचे तीन छेद चार यांची ओळखच झालेली नसते.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी आपली बाजू शांतपणे मांडली. कोणाचे बरोबर होते, हा येथे प्रश्न नाही. संख्यांची नावे मुलाला गणितात मदत करतात की आडवी येतात, या प्रश्नावर आपला समाज तावातावाने बोलू शकतो, हे तेव्हा दिसले. पण ती चर्चा पूर्णांकांपाशी थांबली. जिथे मराठी शब्द मुलाला निर्विवाद मदत करतात, त्या अपूर्णांकांकडे कोणी वळले नाही.

आपल्या परंपरेत याचा वेगळा क्रम होता का, हे पाहताना मला एक जवळचाच दाखला सापडला. छत्रपती संभाजीनगरहून उत्तरेला निघून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावजवळ पाटणे लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापल्याचा १२०७ मधला शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' बेरीज-वजाबाकीने सुरू होत नाही. आधी येतात परिभाषा: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क, पुढे वजने, लांबी, धान्याची मापे. आधी काय मोजायचे ते आणि मग मोजणी. अपूर्णांकांचे गणित त्यानंतर येते. आपण हा क्रम उलटा केला आहे. मापन आपल्याकडे अपूर्णांकांचे 'उपयोजन' म्हणून मागून येते, वर्षअखेरीस घाईत उरकले जाते.

मोजणीपासून सुरुवात केली तर काय होते, याचा अनुभव मला एका गुंठ्याने दिला. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आमच्या शहरात गुंठेवारीच्या वसाहती पुष्कळ. २००१ मध्ये राज्याला त्यांच्यासाठी कायदाच करावा लागला. माझ्या वर्गातली निम्मी मुले तशा वसाहतींतली होती. मैदानावर चुन्याने एक गुंठा आखला आणि म्हटले, आता अर्धा गुंठा आखा. बहुतेक गटांनी दोरी दुमडली आणि साडेसोळा फुटांचा चौरस काढला. मग एका मुलाने ओरडून सांगितले, "सर, असे तर चार बसतात!" बाजू अर्धी केली की गुंठा पाव होतो. त्या एका तासात अपूर्णांक, क्षेत्रफळ आणि मापन ही तीन प्रकरणे एकत्र आली. पुढे तो मुलगा घरून आपल्या जागेची लांबी-रुंदी मोजून घेऊन आला. वडिलांनी अर्ध्या गुंठ्याचे पैसे दिले होते. गुणाकार ५४४ चौरस फुटांच्या बराच खाली भरत होता. तो काय करू शकणार होता? पण घरात विचारायचा प्रश्न त्याला मिळाला होता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. जायकवाडीची मूळ आराखड्यातली एकूण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातला उपयुक्त साठा २,१७१ आणि मृतसाठा ७३८. रोज छापून येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. मृतसाठा एकूण क्षमतेच्या जवळजवळ बरोबर पाव भरतो. म्हणजे बातमीत 'शून्य टक्के' असते तेव्हा धरण पाव भरलेले असते. बातमीत ३३ टक्के असतात तेव्हा ते अर्धे असते. ज्या ६५ टक्क्यांवरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला, तेही उपयुक्त साठ्याचेच. धरण तेव्हा पाऊण भरत आलेले असते. गाळाने आज हे आकडे कमी झाले असतील, पण हिशेबाची रीत तीच राहते. पाव, अर्धा, पाऊण: मराठी माणसाला घरात येणारे हे तीन शब्द वापरले तर हे सारे पाचवीच्या मुलाला कळते.

पैसेवारीचेही असेच. पन्नास पैशांच्या खाली म्हणजे टंचाई, हे खेड्यातल्या प्रत्येकाला पाठ असते. ते पन्नास पैसे कुठल्या पिकाच्या, किती प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत धरले, हे विचारणारा विरळा. आपल्या हक्काचे पाणी, जमीन आणि मदत या तिन्ही गोष्टी कोणत्या ना कोणत्या अपूर्णांकात लिहिलेल्या असतात आणि छेदाची जागा बहुधा आपल्याला न विचारता भरलेली असते.

निवृत्तीच्या आधीची शेवटची तीन वर्षे मी पाचवीचे अपूर्णांक धरणाच्या आकड्यांपासून सुरू केले. जून ते ऑक्टोबर मुले भिंतीवर स्तंभालेख लावत. मृतसाठ्याचा पाव खाली काळ्या रंगात, वर निळा. सगळ्यांचे सममूल्य अपूर्णांक सुधारले असा माझा दावा नाही. समच्छेद करताना मुले पूर्वीसारखीच चुकत. पण एक बदल झाला. फळ्यावर कोणताही अपूर्णांक लिहिला की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, कशाचा?" २०१६ मध्ये हा प्रश्न मला सुचायला हवा होता.