‘लाइन’ : एका परक्या शब्दाचा संसार

हिंगोलीच्या मोंढ्यांत घटकाभर उभें राहावें, म्हणजे ‘लाइन’ हा इंग्रजी शब्द किती निरनिराळ्या अर्थांनीं कानीं येतो तें कळतें. रेल्वेची लाइन, पोलीस लाइन, बँकेपुढची लाइन; ‘धाकटा कोणत्या लाइनला गेला?’ म्हणजे त्यानें कोणता व्यवसाय धरला. आणि एकदम अंधार होतांच ‘लाइन गेली!’ (आणखी एक अर्थ तरुण वाचकांस ठाऊक आहेच; तो येथें लिहिण्यास आमची लेखणी धजत नाहीं.)

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व कारभाराची भाषा उर्दू होती. तेव्हां हा शब्द कचेरींतून येण्यापेक्षां हैदराबाद कंटिंजंटच्या येथील छावणींतून किंवा आगगाडीबरोबर आला असावा, असा आमचा तर्क आहे. त्याचें मूळ मात्र शेतांतलें आहे. लॅटिन भाषेंत ‘लीनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याची दोरी ती ‘लीनेआ’, आणि तिच्यापासून इंग्रजी ‘लाइन’. ज्या घरांत जवसाची चटणी पानांत पडते, तेथें हा पाहुणा अगदींच परका म्हणतां येणार नाहीं!

परभाषेंतला म्हणून त्यास हांकलावें, असें आमचें म्हणणें नाहीं. ओळ, रेघ, रांग, तार हे आपले शब्द स्त्रीलिंगी. त्यांच्यांत येऊन ‘लाइन’हि स्त्रीलिंगी झाली, ‘लायनींत’ असें रूपहि तिनें घेतलें. तक्रार निराळी आहे. मुलगा पट्टीनें काढतो ती रेघ, वाचतो ती ओळ, शाळेपुढें उभा राहतो ती रांग. तीन शब्द, तीन चित्रें. ‘लाइन’ म्हटलें कीं तिन्ही पुसलीं जातात. पंगतीची गोष्ट वेगळी. लग्नांत ताट हातीं घेऊन लोक उभे राहूं लागले, तेव्हां आधीं पंगत गेली आणि मग तिचें नांव. त्याचा दोष शब्दाकडे नाहीं.

परंतु ‘लाइन आली’ हें वाक्य आम्हांस मोलाचें वाटतें. शेतीच्या पंपांस वीज पाळीपाळीनें मिळते, आणि ती पाळी पुष्कळदां रात्रीची असते. मध्यरात्रीं कोणी ‘लाइन आली’ म्हटलें, कीं ज्याच्या हरभऱ्यास पाणी द्यावयाचें राहिलें आहे तो माणूस अंथरुणांतून उठतो, बॅटरी घेतो आणि शेताची वाट धरतो. त्या एका शब्दांत त्याचें घड्याळ आहे, पाणी आहे, मोडलेली झोप आहे, थंडींतला चिखल आणि बांधावरच्या सापाची धास्ती आहे. इतका अर्थ इंग्रजांनीं त्यांत घातला नव्हता. तो येथल्या शेतकऱ्यानें घातला. एखाद्या कथालेखकानें त्याच्या तोंडीं ‘विद्युत्प्रवाह सुरू झाला’ असें वाक्य दिलें, तर तें ऐकून घरांतलें कोणी उठणार नाहीं. कूस बदलून झोपेल. तेथें ‘लाइन’च हवी. शाळेच्या आवारांत ‘लायनींत उभे राहा’ म्हणणाऱ्या गुरुजींस मात्र ही सूट देण्यास आम्ही तयार नाहीं.