पहिला वाचक

गेल्या नोव्हेंबरात चेन्नईत पावसाने मुक्काम ठोकला होता, तेव्हा सोलापूरहून कुरियरने एक मराठी कादंबरी आली. प्रकाशकाच्या जागी लेखकाचेच नाव, त्याखाली घरचा पत्ता. आत चिठ्ठी होती : ‘परीक्षण लिहिले नाहीत तरी चालेल, पण वाचून कळवा.’ मी पुस्तक टेबलाच्या कडेला ठेवून दिले. लेखकाने पदरचे पैसे घालून काढलेले पुस्तक परीक्षणाला घ्यायचे नाही, हा माझा जुना नियम. तो कुठे लिहिलेला नाही, पण माझ्या ओळखीचे बहुतेक समीक्षक तो पाळतात. ज्याला एकही प्रकाशक मिळाला नाही ते पुस्तक वाचण्यात वेळ का घालवा, असा त्यामागचा हिशेब.

त्याच दिवसांत मी सी. सु. चेल्लप्पा पुन्हा वाचत होते, आणि हा हिशेब अडखळू लागला.

चेल्लप्पा (१९१२–१९९८) मूळचे मदुरा भागातल्या वत्तलगुंडूचे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले, ‘मणिक्कोडि’ या नियतकालिकाभोवती जमलेल्या लेखकांपैकी एक. १९५९च्या जानेवारीत त्यांनी मद्रासमध्ये ‘एळुत्तु’ सुरू केले. एळुत्तु म्हणजे अक्षर, लेखन. समीक्षेला आणि नवकवितेला वाहिलेले हे मासिक १९७०पर्यंत चालले. त्याच नावाने त्यांनी प्रकाशनही काढले. पुस्तकांची गाठोडी उचलून ते गावोगावच्या महाविद्यालयांत जात आणि स्वतः विकत. तमिळ नवकवितेचा इतिहास ‘एळुत्तु’ला वगळून लिहिता येत नाही. त्यांची ‘जीवनांशम’ (पोटगी) ही कादंबरीही आधी याच मासिकात क्रमशः आली. लेखक, संपादक, प्रकाशक आणि विक्रेता एकच माणूस. माझा नियम लावला, तर यातले बरेचसे मी उघडलेही नसते.

पण चेल्लप्पांना नुसता नमस्कार करून भागत नाही. त्यांची दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत.

‘वाडिवासल’ ही जल्लिकट्टूवरची छोटी कादंबरी. एक दुपार, एक मैदान, बैल बाहेर सुटतो ते अरुंद दार. बापाचा जीव घेणारा जमीनदाराचा ‘कारी’ बैल धरायला पिच्ची आला आहे. लेखक त्या मैदानाबाहेर जवळजवळ जातच नाही. जात, मान, जमीनदाराची प्रतिष्ठा यांवर भाष्य न करता सगळे बैलाच्या पाठीवरच्या पकडीतून सांगितले आहे. पिच्ची जिंकतो, जमीनदार आपल्याच बैलाला गोळी घालतो आणि गोष्ट थांबते. त्यात एक वाक्यही काढण्याजोगे सापडत नाही. आज ‘काळच्चुवडु’ने काढलेल्या आवृत्तीतून ती नवे वाचकही वाचतात, आणि एन. कल्याण रामन यांच्या अनुवादातून इंग्रजीतही पोचली आहे.

‘सुदंदिर दागम’, म्हणजे स्वातंत्र्याची तहान, ही तीन भागांची कादंबरी. पंचाऐंशीच्या घरात असताना, १९९७मध्ये, चेल्लप्पांनी ती स्वतःच छापली. गांधीयुगातली चळवळ आतून पाहिलेल्या माणसाचे हे लेखन आहे, आणि त्याचा प्रामाणिकपणा पानापानावर जाणवतो. पण सभा, फेऱ्या, वादविवाद यांची नोंद इतकी साठत जाते की पात्रे तिच्याखाली दबतात. लेखकाला काहीच गाळवत नाही, कारण त्याच्या लेखी प्रत्येक तपशील म्हणजे कुणाचा तरी तुरुंगवास आहे. ही भावना मला समजते. कादंबरी मात्र त्याने सैल होते.

एकाच हाताची ही दोन पुस्तके इतकी वेगळी का? वय हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे मला काही तारखांत दिसते. न. पिच्चमूर्ती १९७६मध्ये गेले, बी. एस. रामय्या १९८३मध्ये, क. ना. सुब्रमण्यम १९८८मध्ये. ज्यांच्याशी भांडत चेल्लप्पा लिहायला शिकले, ते सगळे तिसऱ्या खंडाच्या आधीच संपले होते. हस्तलिखित हातात घेऊन ‘हे शंभर पान काढ’ म्हणणारे कोणी उरले नव्हते. छापायला पैसे लागतात, ते त्यांनी उभे केले. पहिला वाचक मात्र पैशाने उभा राहत नाही.

मराठीतही तेच दिसते. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यांनीच १८९०मध्ये काढलेल्या ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली, म्हणजे आपली श्रेष्ठ म्हणून गणली जाणारी कादंबरीही एका अर्थी स्वतःच छापलेली. पण आठवड्याच्या आठवड्याला वाचणारा वाचक समोर होता. अरुण कोलटकरांच्या कविता ‘प्रास’ने काढल्या, आणि तिथे अशोक शहाणे होते. व्हर्जिनिया वुल्फच्या बहुतेक कादंबऱ्या घरच्याच ‘होगार्थ प्रेस’ने छापल्या, पण हस्तलिखित आधी लेनर्डच्या हाती जाई. तेव्हा पुस्तक कोणी छापले यापेक्षा छापण्याआधी ते कोणी वाचले, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आता छापणे अगदी सोपे झाले आहे. मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, आणि लेखकांना ही सोय देणारी ‘नोशन प्रेस’ २०१२मध्ये याच शहरात सुरू झाली. अश्विन सांघी यांची पहिली कादंबरी २००७मध्ये टोपणनावाने स्वतःच्या खर्चाने आली. पुढच्याच वर्षी ‘वेस्टलँड’ने ती घेतली आणि लेखकाचे नाव झाले. प्रत्येक नव्या लेखकाला हे उदाहरण ऐकवले जाते. मुखपृष्ठ, आयएसबीएन, ऑनलाइन विक्री हे सगळे विकत मिळते. ‘संपादन’ही मिळते, पण पुष्कळदा त्याचा अर्थ शुद्धलेखन इतकाच असतो. पैसे देणाऱ्या लेखकाला ‘छापू नका’ कोण सांगणार?

आणि इथे आम्हा समीक्षकांचा दोष सुरू होतो. अशा पुस्तकाला छापण्याआधी वाचक नसतो आणि आमच्या नियमामुळे छापल्यानंतरही मिळत नाही. ‘सुदंदिर दागम’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २००१मध्ये. लेखकाला जाऊन तीन वर्षे होत आली होती. त्या सन्मानापेक्षा दहा वर्षे आधी हस्तलिखितावर बसलेला एक चिडका मित्र त्यांच्या जास्त उपयोगी पडला असता, असे मला वाटते.

शेवटी मी सोलापूरची कादंबरी उघडली. चारशेवर पाने. पहिली दीडशे पाने लेखक समाजावर बोलत राहतो. मग चादरींच्या कारखान्यातला एक बदली कामगार येतो, सकाळी फाटकाशी उभा राहून आपले नाव पुकारले जाण्याची वाट बघतो, आणि पुस्तक जिवंत होते. त्या फाटकावरची तीस पाने मी गेल्या काही वर्षांत वाचलेल्या चांगल्या मराठी गद्यात धरीन.

मी चार पानी पत्र लिहिले : काय ठेवावे, काय काढावे, कुठे थांबावे. आठवड्याने फोन आला. ‘ताई, तीनशे प्रती काढल्या होत्या. दोनशेवर अजून पलंगाखालीच आहेत. आता काय काढणार त्यातून?’ मला उत्तर सुचले नाही. थोडा वेळ तेही गप्प होते. मग म्हणाले, ‘पुढचं लिहितोय. छापायच्या आधी पाठवू का?’

पाठवा म्हटले. नियम मोडला, आणि काम वाढले. हस्तलिखित अजून आलेले नाही. मी वाट पाहते आहे.