‘चालते’ म्हणजे नेमके काय? : नवे प्रोसेसर आणि छायाचित्र-संपादन

काही दिवसांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत नवा संगणक आला. घेताना आम्ही विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला होता, ‘आमची छायाचित्रे सुधारण्याची आज्ञावली यावर चालते ना?’ ‘चालते की, सर!’ असे उत्तर मिळाले, आणि ते खोटे नव्हते. आज्ञावली उघडली, पूर्वीपेक्षा झटपट उघडली. मात्र सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्याबरोबर मिळालेले प्लग-इन, म्हणजे मूळ आज्ञावलीला जोडायचा छोटा पूरक भाग, मेनूतून नाहीसे झाले होते. विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत काढलेली परागकणांची छायाचित्रे त्या कॅमेऱ्याच्या खास स्वरूपात साठवलेली होती. प्लग-इनवाचून ती उघडेनात.

दोन दिवस शोधाशोध केल्यावर कारण कळले. प्लग-इन इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी तयार केलेले होते आणि नव्या संगणकाचा प्रोसेसर एआरएम जातीचा होता. मूळ आज्ञावली नव्या प्रोसेसरच्या भाषेत सुरू केली की प्लग-इन दिसत नसे. तीच भाषांतराच्या मार्गाने सुरू केली की ते दिसे, पण सारी कामे रेंगाळत. ‘चालते’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी खपून जातात, हे तेव्हा लक्षात आले. त्या शब्दाचीच येथे तपासणी करू. उदाहरण म्हणून सर्वांच्या ओळखीची फोटोशॉप ही आज्ञावली घेऊ, कारण तिने आजवर तीन वेळा घर बदलले आहे.

प्रोसेसरची भाषा

प्रोसेसरला ‘संगणकाचा मेंदू’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या उपमेमुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. प्रोसेसरला फक्त ठरावीक आज्ञा कळतात आणि प्रत्येक आज्ञा म्हणजे एक संख्या असते. ‘या दोन संख्यांची बेरीज कर’ ही आज्ञा इंटेल आणि एआरएम या दोन्ही जातींत आहे, पण तिची संख्या निराळी. आज्ञांची लांबीही निराळी: इंटेलची आज्ञा १ ते १५ बाइट लांब असू शकते, तर ६४-बिट एआरएमची प्रत्येक आज्ञा बरोबर ४ बाइटची असते. म्हणून एकासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्याला थेट वाचता येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, मूळ मजकूर हाताशी असेल तर तो नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा रूपांतरित करायचा. दुसरा, जुन्या आज्ञांचे नव्या आज्ञांत भाषांतर करणारा दुभाषा मध्ये बसवायचा. ॲपलच्या संगणकांवरील अशा दुभाष्याचे नाव रोझेटा. प्राचीन इजिप्तची लिपी उलगडायला ज्या शिलालेखाची मदत झाली, त्यावरून हे नाव पडले.

छायाचित्रांचेच काम अवघड का?

थोडा हिशेब करू. ६००० × ४००० चित्रबिंदूंच्या छायाचित्रात २ कोटी ४० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे, म्हणजे ७ कोटी २० लाख आकडे झाले. चित्र किंचित धूसर करायचे तर प्रत्येक आकड्यासाठी भोवतालच्या ५ × ५ चौकोनातील २५ आकडे विचारात घ्यावे लागतात. साध्या पद्धतीने केल्यास १८० कोटी गुणाकार! पत्रलेखनाच्या आज्ञावलीवर असा भार कधीच येत नाही.

म्हणून छायाचित्रांच्या आज्ञावल्या लिहिणारे एकाच फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या खास आज्ञा वापरतात. एआरएमच्या ‘निऑन’ आज्ञा १२८ बिट, म्हणजे ८-बिटचे १६ आकडे, एकदम घेतात. इंटेलच्या ‘एव्हीएक्स’ आज्ञा २५६ बिट घेतात. रोझेटाच्या नव्या आवृत्तीला २०२४ पर्यंत या एव्हीएक्स आज्ञा समजतच नव्हत्या. जेथे वेगाची सर्वांत जास्त गरज, तेथेच आज्ञावली एका विशिष्ट प्रोसेसरला घट्ट बांधलेली असते.

ही बांधणी जुनी आहे. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये मॅकिंटॉशवर आली. त्या संगणकात मोटोरोलाचा ६८००० कुळातील प्रोसेसर असे. आवृत्ती १.०.१ चा मूळ मजकूर अमेरिकेतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१३ मध्ये खुला केला. सुमारे १ लाख २८ हजार ओळींपैकी ७५ टक्के पास्कल भाषेत आहेत, तर १५ टक्के थेट त्या प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत. हा १५ टक्के भाग दुसऱ्या प्रोसेसरवर नेण्यासाठी नव्यानेच लिहावा लागतो.

तीन स्थलांतरे

१९९४ मध्ये मॅकिंटॉश पॉवरपीसी प्रोसेसरवर गेला, २००६ मध्ये इंटेलवर आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलच्या स्वतःच्या, एआरएम जातीच्या एम१ वर. इंटेलवर गेल्यानंतरचा अनुभव त्रासाचा होता. नवे संगणक जानेवारी २००६ मध्ये आले, पण त्यांच्या भाषेतील फोटोशॉप सीएस३ बाजारात यायला एप्रिल २००७ उजाडले. तोवर नव्या, वेगवान यंत्रावर जुनी आज्ञावली दुभाष्याकरवी मंद गतीने चालत होती.

एक अडचण आकड्यांच्या मांडणीची होती. २५८ म्हणजे १ × २५६ + २. हा आकडा दोन बाइटमध्ये साठवताना मोटोरोला व पॉवरपीसीवर ‘१, २’ असा क्रम असे, इंटेलवर ‘२, १’ असा. क्रम उलटा वाचला तर २५८ चे ५१३ होतात. फोटोशॉपच्या स्वतःच्या पीएसडी फायलींत आजही मोटोरोलाचाच क्रम आहे. ‘टिफ’ या स्वरूपाने मात्र हा प्रश्न सुरेख सोडवला: फायलीची पहिली दोन अक्षरे ‘आयआय’ असतील तर इंटेलचा क्रम, ‘एमएम’ असतील तर मोटोरोलाचा. आपण कसे लिहिले गेलो हे फाइल स्वतःच सांगते.

२०२० चे स्थलांतर पुष्कळ सफाईने झाले, हे मान्य केले पाहिजे. एआरएमची चाचणी-आवृत्ती नोव्हेंबरमध्येच मिळाली आणि पूर्ण आवृत्ती मार्च २०२१ मध्ये. इंटेल आणि नवा एम१ यांचा बाइट-क्रम एकच होता, आणि आयपॅडसाठी फोटोशॉप २०१९ मध्येच एआरएमवर आणलेले होते.

आमचे आक्षेप

तरीही तीन आक्षेप उरतात. पहिला, वेगाच्या दाव्यांचा. नव्या प्रोसेसरवर फोटोशॉप ‘सरासरी दीडपट’ वेगाने चालते, असे २०२१ मध्ये सांगण्यात आले. पण सरासरीत एखादे काम तिप्पट वेगाने आणि दुसरे जुन्याच वेगाने होत असू शकते. आपले काम त्यांपैकी कोणते, हे सरासरी सांगत नाही.

दुसरा आक्षेप दुभाष्याच्या आयुष्याचा. पहिला रोझेटा २००६ मध्ये आला आणि २०११ च्या मॅक ओएस एक्स १०.७ मधून काढून टाकला गेला. सध्याचा रोझेटा मॅक ओएस २७ पर्यंतच पूर्ण स्वरूपात राहील, त्यानंतर काही जुन्या खेळांपुरताच, असे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणजे भाषांतराने ‘चालते’ याचा अर्थ ‘तूर्त चालते’ एवढाच.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. स्थलांतराचा खर्च अखेर वापरणाऱ्यावर पडतो. २०१२ चे फोटोशॉप सीएस६ पैसे मोजून कायमचे विकत घेता येत होते. त्याची एआरएम आवृत्ती कधीच निघाली नाही. नव्या यंत्रावर अस्सल आवृत्ती हवी तर वर्गणी भरत राहणे आले. मूळ मजकूर कंपनीकडे असल्यामुळे वापरणाऱ्याला स्वतः काहीच करता येत नाही.

दुसरी वाट

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९८७ पासून ‘एनआयएच इमेज’ ही शास्त्रीय छायाचित्रांची आज्ञावली लिहिली. ती केवळ मॅकिंटॉशवर चाले. १९९७ मध्ये त्यांनी जावा भाषेत ‘इमेजजे’ सुरू केली. जावाची आज्ञावली कोणत्याच प्रोसेसरची नसते. प्रत्येक प्रोसेसरवर जावाचे एक माध्यम बसवले की तीच फाइल सगळीकडे चालते. ते माध्यम मात्र कुणीतरी प्रत्येक प्रोसेसरसाठी लिहावेच लागते. कष्ट संपत नाहीत, ते एका जागी गोळा होतात. इमेजजे मोजमापासाठी उत्तम, छपाईच्या कामासाठी तोकडी. तेथे ‘गिंप’ आहे. या दोन्ही विनामूल्य असून त्यांचा मूळ मजकूर खुला आहे. नवा प्रोसेसर आला की जाणकार ती स्वतः रूपांतरित करू शकतात. शाळांनी याचा विचार अवश्य करावा.

वर्गात काय करता येईल?

हा प्रश्न केवळ ॲपलचा राहिलेला नाही. २०२४ पासून विंडोजचे एआरएम लॅपटॉपही ठळकपणे बाजारात आले असून त्यांतही असा दुभाषा आहे. तेव्हा खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत: आज्ञावली या प्रोसेसरच्या भाषेतच आहे की भाषांतराने चालते? आपली प्लग-इन, छपाईयंत्र व स्कॅनर त्याच मार्गाने चालतील का? आपली चित्रे दुसऱ्या आज्ञावलीत उघडतील का?

विद्यार्थ्यांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः शोधू द्यावे. मॅकवर ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मधील ‘काइंड’ हा स्तंभ आणि विंडोजवर ‘टास्क मॅनेजर’च्या तपशिलांतील ‘आर्किटेक्चर’ हा स्तंभ ते दाखवतो. मग एकच छायाचित्र घेऊन धूसर करण्याची एकच क्रिया पाच वेळा करावी आणि घड्याळाने वेळ मोजावा. सरासरीबरोबर सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेळही वहीत लिहावा. नंतर चारपट मोठे छायाचित्र घ्यावे. वेळ चौपटच होतो का? नसेल तर का? अशा नोंदी केलेला विद्यार्थी जाहिरातीतील ‘दीडपट’ वाचून गप्प बसणार नाही.

आमची परागकणांची छायाचित्रे आम्ही भाषांतराच्याच मार्गाने एकेक उघडून टिफ स्वरूपात साठवली. त्या कामाला तीन आठवडे लागले.