हाइलमानचें ‘पक्ष्यांची उत्पत्ति’

एखाद्या ग्रंथाचा निर्णय चुकीचा ठरला म्हणजे तो ग्रंथच त्याज्य झाला, अशी समजूत शास्त्रीय वाङ्मयाच्या वाचकांत फार रूढ आहे. गेरहार्ट हाइलमान या डॅनिश ग्रंथकाराच्या ‘पक्ष्यांची उत्पत्ति’ या पुस्तकास ती लावणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. १९१६ सालीं डॅनिश भाषेंत व १९२६ सालीं इंग्रजींत निघालेल्या या ग्रंथानें पक्ष्यांच्या कुळाचा वाद जवळजवळ चाळीस वर्षें मिटल्यासारखा करून टाकला. आणि आज त्याचा मुख्य सिद्धांत बहुतेक कोणीच मानीत नाहीं.

हाइलमान पेशानें चित्रकार. वैद्यकाचा अभ्यास अर्धा सोडून तो चित्रकलेकडे वळला. डेन्मार्कच्या चलनी नोटांचीं चित्रेंहि त्यानें काढलीं. हाडें पारखतांना त्याची हीच नजर कामास आली. बव्हेरियांतील चुनखडींत १८६१ सालीं सांपडलेला आर्किऑप्टेरिक्स घ्या: तोंडांत दांत, पंखाला नखें असलेलीं तीन बोटें, मणक्यांची लांब शेपटी, आणि तरीहि अंगावर पक्ष्याचीं पिसें. अशा जुन्या सांगाड्यांपासून आरंभ करून हाइलमान गर्भावस्थेंतील पिलें, कवटी, मनगट, पाय हें सर्व सरपटणाऱ्या प्राण्यांशीं ताडून पाहतो. चित्रें शेजारीं शेजारीं मांडलेलीं असल्यामुळें वाचकास ग्रंथकाराच्या शब्दावर विसंबावें लागत नाहीं. हा गुण आम्ही सर्वांत मोठा मानतों.

या तुलनेंत एक प्राणिवर्ग पक्ष्यांच्या इतका जवळ येतो कीं वाचकाची खात्रीच पटावी: दोन पायांवर धांवणारे लहान मांसाहारी डायनोसॉर. पोकळ हाडें तशींच, पायाची घडण तशीच, हाताचीं तीन बोटेंहि तशींच. पण निकाल देण्याच्या वेळीं हाइलमान मागें सरतो. कारण एकच. पक्ष्यांत दोन्ही जत्रु, म्हणजे गळ्याखालचीं दोन हाडें, जुळून बेचक्यासारखें एकच हाड झालेलें असतें. (कोंबडी खाणाऱ्या वाचकांस तें परिचित आहे, इतरांनीं चित्रावर भागवावें.) डायनोसॉरांत जत्रु नाहींत अशी त्या वेळची समजूत होती, आणि एकदां नाहींसा झालेला अवयव पुनः पूर्ववत् उत्पन्न होत नाहीं, हा बेल्जियमच्या डोलोचा नियम हाइलमानास शिरसावंद्य होता. म्हणून त्यानें डायनोसॉरांहून जुना, जत्रु असलेला पूर्वज पत्करला.

नियमास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती ‘नाहींत’ या शब्दास. जत्रु हें बारीक, सहज निसटणारें हाड. तें दगडांत सांपडलें नाहीं म्हणून तें प्राण्यांतच नव्हतें असें म्हणणें, म्हणजे साक्षीदार कोर्टांत आला नाहीं म्हणून तो जन्मलाच नाहीं असें ठरविण्यासारखें आहे. शिवाय पुरावा छापलेला होता! मंगोलियांतील ओव्हिराप्टरचें वर्णन १९२४ सालीं, इंग्रजी आवृत्तीच्या दोन वर्षें आधीं, प्रसिद्ध झालें. त्यांतील आकृतींत हें बेचकें आहे, मात्र त्यास भलतेंच नांव दिलेलें. ती चूक बार्सबोल्ड यांनीं १९८३ मध्यें दाखविली. दरम्यान १९३६ सालीं सेगिसॉरसांत जत्रु वर्णिले गेले होते, पण त्यांची दखल फारशी कोणी घेतली नाहीं. पुढें अमेरिकन संशोधक ऑस्ट्रम यांनीं १९६९ मध्यें डायनोनायकसचें वर्णन केलें व त्याच्या आधारें जुना वाद पुनः उघडला. आणि १९९६ मध्यें पिसांसारख्या तंतूंनीं वेढलेला डायनोसॉर चीनमधून पुढें आला, तेव्हां हाइलमाननें मांडलेलीं साम्यें त्याच्याच निकालाविरुद्ध जिंकलीं.

चौथा भाग मात्र आम्हांस खरोखर सदोष वाटतो. कल्पनेंतला पूर्वज त्यांत इतका हुबेहूब चितारला आहे कीं तो कोणी पाहिला असावा असें वाटतें. आधींच्या भागांत जो कुंचला पुराव्याचा चाकर होता, तो येथें धनी झाला. झाडावरून उड्या घेतां घेतां वाऱ्याच्या घर्षणानें खवल्यांच्या कडा विरून पिसें बनलीं, ही कल्पनाहि टिकणारी नव्हे. जमिनीवर धांवणाऱ्या, न उडणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर तंतु होते आणि गळ्याखालीं बेचकेंहि होतें. तेव्हां उड्डाणाचीं म्हणून आपण ओळखतों तीं हीं दोन्ही साधनें उड्डाणाहून जुनीं. ज्यांस हें पुस्तक मिळेल त्यांनीं गर्भावस्थेचा व शरीररचनेचा भाग आधीं वाचावा, आणि चौथ्या भागांतील चित्रें पाहावयाचीं तीं त्यानंतर.